विष वेगळं काढणारे स्टास

विषबाधेचा रुग्ण वॉर्डात आला की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रक्त तपासलं की कुठलं विष ते कळेल ना? सिनेमात तसं कळतं. नळीभर रक्त यंत्रात घातलं की पडद्यावर विषाचं नाव उमटतं. प्रत्यक्षात काय शोधायचं ते यंत्राला आधी सांगावं लागतं. शिवाय ते विष रक्तातल्या, जठरातल्या इतर असंख्य गोष्टींपासून सोडवून त्याच्यापुढे ठेवावं लागतं.

कळलावीचा रुग्ण असला की हा प्रश्न मला जरा जास्तच टोचतो. पावसाळ्यात कुंपणांवर आणि रानात जिची फुलं ज्वाळांसारखी वर वळलेली दिसतात, बुडाशी पिवळी आणि टोकाला लालभडक, ती कळलावी. कुणी तिला खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. कंद रताळ्यासारखा दिसतो. चुकून खाल्ला जातो, आणि चूक नसतानाही खाल्ला जातो. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पहिल्या रात्री हा रुग्ण गॅस्ट्रोच्या रुग्णासारखाच दिसतो, सलाईनने थोडा सावरतोही. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तदाब घसरतो, किडनी आणि यकृताचे रिपोर्ट बिघडतात, आठवड्याभरात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात. यातून जो वाचतो त्याचे केस पुढच्या एक-दोन आठवड्यांत पुंजक्यांनी गळायला लागतात. ते परत येतात, पण घरच्यांची घाबरगुंडी पुन्हा एकदा उडते.

हे सगळं करणारा पदार्थ म्हणजे कोल्चिसिन. हाच पदार्थ अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून गाउटच्या रुग्णाला आम्हीच लिहून देतो. शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८ मिलिग्रॅमच्या वर पोटात गेला तर वाचणं फार कठीण, असं पुस्तकं सांगतात, आणि त्याहून कमी मात्रेनेही माणसं गेलेली आहेत. साठ किलोच्या माणसाचा हिशेब केला तर हे पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर मिठापेक्षाही कमी भरतं. त्यामुळे कुठलं विष याच्याइतकाच किती विष हा प्रश्न महत्त्वाचा असतो. किती ते मोजायचं तर कंदाच्या पिठूळ गरातून, जठरातल्या अन्नातून, यकृताच्या चरबीतून ते आधी बाहेर काढायला हवं. वनस्पतींची विषं अशी बाहेर कशी काढायची हे पहिल्यांदा ज्यांनी नीट दाखवलं ते बेल्जियमचे ज्याँ सेर्वे स्टास. शिक्षणाने डॉक्टर. न्यायवैद्यकाच्या पेपरासाठी स्टास-ओटो असा जोडशब्द आम्ही सगळ्यांनी पाठ केला, पास झालो आणि विसरलो. मला तर बरीच वर्षं तो एकच माणूस वाटायचा.

स्टास यांचा जन्म २१ ऑगस्ट १८१३ रोजी लुव्हेन गावी झाला. वैद्यक ते तिथेच शिकले, पण रुग्णांपेक्षा काचेच्या भांड्यांत जास्त रमले. १८३५ मध्ये द कोनिंक यांच्यासोबत त्यांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा केला. त्याचं नाव फ्लोरिझिन. चव सिंकोनाच्या सालीसारखी कडू, म्हणून तापावर चालेल अशी तेव्हा आशा होती. तापावर त्याचं फारसं काही झालं नाही. पुढे १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांना आढळलं की फ्लोरिझिन दिलं की लघवीतून साखर जायला लागते. त्या निरीक्षणाचा धागा धरून शंभरहून अधिक वर्षांनी औषधांचा एक नवा गट तयार झाला. माझ्या ओपीडीत मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांच्या कागदावर आज डापाग्लिफ्लोझिन लिहिलेलं असतं. त्या गोळीचा मूळपुरुष स्टास यांनी बाविसाव्या वर्षी सफरचंदाच्या सालीतून काढला होता. खरं तर एवढ्यावरही त्यांचं नाव राहायला हरकत नव्हती.

१८३७ मध्ये ते पॅरिसला द्यूमा यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे दोघांनी मिळून कार्बनचं अणुभारमापन नव्याने केलं. हिरे आणि ग्राफाइट शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळायचे आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वायू तोलायचा, अशी ती रीत. हिरे जाळून वजन करणं ही कल्पनाच मला अजून थोडी अस्वस्थ करते. त्या काळचे सर्वांत मोठे रसायनज्ञ बर्झेलियस यांचा आकडा त्यातून चुकीचा ठरला. वजनकाट्यावर आलेल्या आकड्यापुढे कितीही मोठं नाव गौण, हे स्टास तिथे शिकले. १८४० मध्ये ते ब्रुसेल्सच्या लष्करी विद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. दहा वर्षांनी एका खुनाच्या तपासाचं काम त्यांच्या टेबलावर येऊन पडलं.

तेव्हा विषशास्त्र कुठवर आलं होतं हे आधी पाहायला हवं. १८३६ मध्ये मार्श यांनी आर्सेनिक ओळखण्याची परीक्षा शोधली होती, आणि सोमल घालणारे पकडले जाऊ लागले होते. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. मृताचं यकृत तीव्र आम्लात जाळून पार विरघळवून टाकलं तरी ते नाश पावत नाही, शेवटी भांड्यात उरतंच. त्यामुळे सगळ्यांची पद्धत एकच होती: अवयव नष्ट करा आणि मागे काय राहतं ते बघा.

दुसरीकडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतींमधून एकामागोमाग एक अल्कलॉइड बाहेर येत होते. अफूतलं मॉर्फिन आलं, १८१८ मध्ये कुचल्याच्या वर्गातलं स्ट्रिक्निन, १८२० मध्ये सिंकोनातलं क्विनिन. त्याच वर्षी पेलेतिए आणि काव्हांतू यांनी कोल्चिकम या शरद ऋतूत फुलणाऱ्या कंदवर्गीय झाडातूनही असा पदार्थ काढला. कळलावीत असतं तेच हे कोल्चिसिन. औषधशास्त्रासाठी हा सुवर्णकाळ होता आणि खुन्यांसाठीही. कारण अल्कलॉइड हे स्वतःच सेंद्रिय पदार्थ असतात. अवयव जाळले की त्यांच्याबरोबर तेही जळतात. शोधण्याची जी एकमेव पद्धत माहीत होती, तीच पुरावा संपवत होती. १८२३ मध्ये फ्रान्समध्ये कास्तें नावाच्या एका तरुण डॉक्टरवर मॉर्फिनने खून केल्याचा खटला चालला. मृताच्या शरीरात मॉर्फिन दाखवता आलं नाही. इतर पुराव्यांवर त्याला मृत्युदंड झाला, पण विज्ञान तिथे हात चोळत बसलं होतं. पॅरिसचे ऑर्फिला हे विषशास्त्राचे जनक मानले जातात. प्रेतातून वनस्पतिविष शोधणं कदाचित कधीच जमणार नाही, असं त्यांनाही वाटत होतं.

२० नोव्हेंबर १८५० रोजी बेल्जियममधल्या ब्युरी गावाजवळ बित्रमाँच्या वाड्यात गुस्ताव्ह फून्यी नावाचा तरुण जेवणाच्या खोलीत मरून पडला. वाडा त्याच्या मेव्हण्याचा, काउंट इपोलित द बोकार्मे याचा. बोकार्मे कर्जात बुडालेला होता. श्रीमंत सासऱ्याकडून बरंच काही मिळेल या हिशेबाने त्याने लिदीशी लग्न केलं होतं, पण संपत्तीचा मोठा भाग गेला तिच्या भावाकडे, गुस्ताव्हकडे. गुस्ताव्हचा एक पाय कापलेला, प्रकृती तोळामासा, लग्न झालेलं नाही. तो फार जगणार नाही या आशेवर बोकार्मेने काही वर्षं काढली. आणि गुस्ताव्हने लग्न ठरवलं. त्या दिवशी तो आला होता हीच बातमी सांगायला.

नोकरांनी जे पाहिलं ते पुढे न्यायालयात आलं. त्या दिवशी मुलांना वेगळं जेवायला बसवलं होतं आणि जेवण लिदीने स्वतः वाढलं. खोलीतून काहीतरी जोरात पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने गुस्ताव्हला झटका आला असं सांगण्यात आलं. मग काउंटने व्हिनेगर मागवून त्याच्या तोंडात ओतलं, अंगाला चोळायला लावलं. मृताचे कपडे लगेच धुवायला गेले. लिदी खोलीची फरशी घासत होती, आणि काउंट सुरीने लाकडी फळ्या खरवडत होता. सरदार घराण्यातली माणसं रात्री गुडघ्यांवर बसून जमीन घासतात हे पाहिल्यावर कुणालाही शंका येईल. ती गावात पसरली आणि तूर्नेहून तपासाधिकारी डॉक्टरांना घेऊन आले. मृताच्या तोंडात आणि घशात भाजल्यासारख्या जखमा होत्या, गालावर ओरखडे होते, आणि काउंटच्या बोटावर चाव्याची खूण. गंधकाम्लासारखं काहीतरी जाळणारं द्रव्य पोटात गेलं असावं असं डॉक्टरांचं मत पडलं. त्यांनी अवयव काढून स्पिरिटमध्ये घातले, बरण्यांना मोहोर लावली, आणि त्या ब्रुसेल्सला स्टास यांच्याकडे गेल्या.

इथे थोडं थांबतो, कारण यातलं स्पिरिट महत्त्वाचं आहे. आपल्याकडे शवविच्छेदनात विषाची शंका असली की व्हिसेरा बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून पाठवतात, आणि आम्लाने मृत्यू आला असं वाटलं तर स्पिरिटमध्ये. त्या तीन डॉक्टरांना आम्लाची शंका होती. निदान चुकलं होतं, पण बरणीत घातलेलं द्रव्य स्टास यांच्या फार उपयोगी पडलं.

गंधकाम्ल नाही हे स्टास यांच्या लगेच लक्षात आलं. अवयवांना वास येत होता व्हिनेगरचा. प्रेताला व्हिनेगर चोळल्याचं कळल्यावर त्यांनी उलटा विचार केला. एवढं व्हिनेगर कशासाठी? त्याने कशाचा तरी वास झाकला जात असणार. त्यांनी त्या मिश्रणाचा थोडा भाग पाणी आणि अल्कोहोलने धुऊन, गाळून, आटवला. त्यात अल्कली घातल्यावर वेगळाच झोंबणारा वास आला, तंबाखूचा. मग ते ईथरबरोबर हलवलं. ईथर वर तरंगला, तो वेगळा काढून उडू दिला. बशीच्या तळाशी तेलकट थेंब उरले. त्यांनी ते जिभेला लावून पाहिले (तेव्हाचे रसायनज्ञ हे सर्रास करत, कृपया कुणी करू नये), आणि जिभेची आग बराच वेळ गेली नाही. एकेक रासायनिक परीक्षा केली. सगळ्या एकच नाव सांगत होत्या, निकोटिन.

तंबाखूतून निकोटिन पहिल्यांदा १८२८ मध्ये हायडेलबर्गला वेगळं काढलं गेलं होतं. शुद्ध स्वरूपात ते काही मिनिटांत माणूस मारतं. स्टास यांनी तपासाधिकाऱ्यांना कळवलं की तंबाखूचा माग काढा. तो निघाला. वाड्याच्या माळ्याने सांगितलं की काउंटने ढीगभर तंबाखूची पानं आणून कोलोनसारखं सुगंधी पाणी करायच्या नावाखाली ऊर्ध्वपातन चालवलं होतं. खोटं नाव सांगून तो गेंटमधल्या एका रसायनतज्ज्ञाकडे निकोटिन कसं काढतात हे शिकायलाही गेला होता. बागेत पुरलेली मांजरं आणि बदकं सापडली. त्यांच्यावर विष आजमावलं होतं. स्टास यांनी ती तपासली, जेवणाच्या खोलीच्या फळ्याही तपासल्या. ज्या फळ्या इतक्या घासल्या, खरवडल्या, त्यांतही निकोटिन निघालं.

१८५१ च्या मे-जूनमध्ये माँस इथे खटला चालला. निकोटिन तयार केलंच नाही असं म्हणणं काउंटला आता शक्य नव्हतं. त्याने सांगितलं की ते वाइनच्या बाटलीत ठेवलं होतं आणि बायकोने चुकून ओतलं. लिदी सुटली. बोकार्मेचा १९ जुलै १८५१ रोजी शिरच्छेद झाला. मृत्युदंडाबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो आजच्या लेखाचा विषय नाही.

स्टास यांनी त्या हिवाळ्यात नेमकं काय केलं होतं? घरच्या भाषेत सांगायचं तर बहुतेक अल्कलॉइडना दोन रूपं असतात. आम्ल भेटलं की त्याचं क्षार बनतं आणि ते पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये खुशाल विरघळतं. सोड्यासारखं अल्कली घातलं की ते पुन्हा मोकळं होतं. मग त्याला पाण्यात करमत नाही, ते ईथरमध्ये उतरतं. स्टास यांनी हा स्वभावच वापरला. अवयवांचा लगदा आम्ल घातलेल्या कोमट अल्कोहोलमध्ये ठेवायचा. प्रथिनं गोठतात, चरबी गाळता येते, विष अल्कोहोलबरोबर बाहेर येतं. आटवून पाण्यात घ्यायचं, अल्कली घालून विष मोकळं करायचं आणि ईथरने उचलून न्यायचं. काहीही जाळायचं नाही. बोकार्मेने ओतलेलं व्हिनेगर हे आम्लच, आणि डॉक्टरांनी घातलेलं स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. या पद्धतीची पहिली पायरी खुनी आणि डॉक्टर यांनी मिळून नकळत आधीच करून ठेवली होती.

१८५६ मध्ये ब्राउनश्वाइगचे फ्रीडरिश युलियस ओटो यांनी त्यात एक सुधारणा केली. अल्कली घालण्याआधी, द्रावण आम्ल असतानाच ते ईथरने धुऊन घ्यायचं, म्हणजे उरलीसुरली चरबी आणि रंग निघून जातो आणि शेवटी मिळणारं विष स्वच्छ असतं. म्हणून स्टास-ओटो. मुंबईतही त्या शतकात सरकारी केमिकल ॲनालायझर हे पद होतं. ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आय. बी. लायन त्यावर होते, आणि भारतासाठी लिहिलेलं त्यांचं न्यायवैद्यकाचं पुस्तक पुढे कित्येक आवृत्त्या चाललं. धोतरा घालून वाटसरूंना लुटण्याचा तो काळ. धोतऱ्यातली विषंही अल्कलॉइडच.

आता कंदांकडे परत येतो. कारण ही पद्धत प्रेतांपुरती राहिली नाही. जठरातून विष काढायचं आणि कंदातून औषध काढायचं, या दोन्हींत तत्त्वतः काही फरक नाही. अल्झायमरच्या रुग्णांना आम्ही गॅलँटामिन देतो. ते मुळात स्नोड्रॉप या बर्फातून डोकं वर काढणाऱ्या छोट्या कंदवर्गीय फुलझाडात सापडलं. सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी १९५० च्या दशकात ते औषध म्हणून पुढे आणलं. आज ते डॅफोडिलच्या कंदांतूनही काढतात, कारखान्यात कृत्रिमरीत्याही बनवतात. वाळवलेल्या एक किलो कंदात ते जेमतेम ग्रॅमच्या हिशेबात असतं आणि जात, जमीन, हंगाम बदलला की बदलतं. त्यामुळे प्रत्येक वेळी मोजावं लागतं. शिवाय त्याच कंदात लायकोरिनही असतं, ज्याने भयंकर उलट्या होतात. कांदा समजून डॅफोडिलचा कंद खाणाऱ्यांना त्याचा अनुभव येतो.

प्रयोगशाळेत हे असं चालतं. कंद वाळवून दळतात. नेमकी तोललेली पूड आम्लयुक्त पाण्यात भिजवतात. ईथरसारख्या द्रावकाने चरबी धुऊन टाकतात. अमोनिया घालून अल्कलॉइड मोकळे करतात आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात उतरवतात. इथपर्यंत सगळं स्टास आणि ओटो यांचंच. पुढचं काम यंत्राचं, म्हणजे एचपीएलसीचं. बारीक कणांनी भरलेल्या नळीतून हा अर्क दाबाने ढकलला की त्यातले अल्कलॉइड वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि एकेक करून बाहेर पडतात. प्रत्येकजण अतिनील प्रकाश किती अडवतो याचा आलेख उमटतो. शुद्ध पदार्थ तोलून त्याची वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं आधी यंत्रातून काढलेली असतात. त्यांच्याशी ताडून आपल्या कंदात किती ते निघतं. आणखी एक पडताळा असतो, माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. पुडीत मुद्दाम ठरावीक वजनाचं गॅलँटामिन मिसळायचं आणि सगळी प्रक्रिया करून त्यातलं किती परत हाती येतं ते पाहायचं. वाटेत हरवलेलं यातून कळतं. यंत्र कितीही महाग असलं तरी वाटेत हरवलेलं ते मोजू शकत नाही.

आणि कळलावी? तिथे मात्र एक मेख आहे. कोल्चिसिनला अल्कलॉइड म्हणतात खरं, पण त्याच्यातला नायट्रोजन अशा जागी अडकलेला आहे की ते अल्कलीसारखं वागतच नाही. आम्ल द्रावणातूनच ते क्लोरोफॉर्ममध्ये निघून जातं. म्हणजे ओटो यांच्या पायरीवर चरबी म्हणून जे बाजूला काढायचं, त्या भांड्यातच ते जाऊन बसतं. द्रावक क्लोरोफॉर्म असेल आणि तपासणाऱ्याने ते भांडं मोरीत ओतलं, तर पुढचं सगळं काम नियमाप्रमाणे होऊनही अहवाल कोरा येईल. म्हणून डॉक्टरने कळलावीची शंका लिहिली असली तर फरक पडतो. उजेडातही ते बदलतं, त्यामुळे नमुने गडद रंगाच्या काचेत ठेवतात. गोळी घेणाऱ्या गाउटच्या रुग्णाच्या रक्तात त्याचं प्रमाण मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंच असतं. हे मोजणं जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या लॅबचं काम नाही. रुग्ण आमच्यासमोर असतो तोवर उपचार लक्षणांवरच चालतात.

स्टास यांनी स्वतः खुनांच्या तपासात आयुष्य घालवलं नाही. त्यांना ओढ होती अणुभारांची. सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनचीच बनलेली असावीत आणि म्हणून सगळे अणुभार पूर्णांक यावेत, अशी इंग्लंडच्या प्राउट यांची एक सुंदर कल्पना होती. स्टास यांचा तिच्यावर जवळजवळ पूर्ण विश्वास होता. ती सिद्ध करायला म्हणून ते बसले. इतर लोक ग्रॅमने काम करत तिथे त्यांनी शेकडो ग्रॅम शुद्ध केलेली चांदी घेतली, म्हणजे तोलातली चूक नगण्य व्हावी. आकडे आले ते अपूर्णांकी. क्लोरीनचा ३५.४६. पुन्हा केलं, पुन्हा तेच. १८६० आणि १८६५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले आणि आपल्याच आवडत्या कल्पनेला चूक ठरवलं. वैद्यकात उलट फार पाहतो मी. आवडतं निदान एकदा डोक्यात बसलं की रिपोर्टच चुकीचा वाटायला लागतो.

त्यांचे आकडे पुढे कित्येक दशकं जगाने प्रमाण मानले. मग अमेरिकेच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी दाखवलं की स्टास यांच्या अतिशुद्ध चांदीतही थोडा ऑक्सिजन अडकलेला होता. चांदीचा अणुभार १०७.९३ वरून १०७.८८ झाला, आणि अचूक अणुभारांच्या कामासाठी रिचर्ड्स यांना १९१४ चं नोबेल मिळालं. मोजणारा कितीही काटेकोर असो, आधी पूर्ण वेगळं काढता आलं नाही तर आकड्यात चूक राहते. स्टास यांना हे समजावून सांगायची गरज पडली नसती.

घशाच्या आजाराने त्यांचा आवाज गेला आणि १८६९ मध्ये शिकवणं सुटलं. मग ते टांकसाळीचे आयुक्त झाले. सरकारचं चलनविषयक धोरण पटलं नाही म्हणून १८७२ मध्ये तेही सोडलं. शिक्षणातल्या चर्चच्या हस्तक्षेपावर ते उघडपणे टीका करत. आंतरराष्ट्रीय मीटर आणि किलोग्रॅमची प्रमाणं ठरवण्याच्या कामात त्यांचा हात होता. १८८५ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक दिलं. १३ डिसेंबर १८९१ रोजी ब्रुसेल्समध्ये त्यांचं निधन झालं आणि लुव्हेनमध्ये दफन झालं.

पावसाळ्यात कुणी अनोळखी कंद खाल्ला आणि उलट्या सुरू झाल्या, तर रुग्णाला घेऊन लगेच निघा, पण उरलेला तुकडा, वेलाचं पान, फूल, जे हाताला लागेल ते एका पिशवीत घालून सोबत आणा. शिजवलेला असेल तर भांड्यात उरलेलं आणा. भांडं मात्र घासू नका.